सहामाही हजेरी

दोन्ही बाह्या बोटांवर ओढून घ्यायच्या, खांदे किंचित उचलायचे आणि म्हणायचं, "इट्स फाइन, काकू."

प्रश्न कोणताही असो, तिचं उत्तर हे. पार्किंगमध्ये सायकलवरून पडून ढोपर फुटलं, टाके पडले, मी विचारलं, "दुखतंय का गं?" इट्स फाइन. दहावीत गणिताने दगा दिला. इट्स फाइन. तिच्या वाढदिवसाला मी हौसेने केक केला आणि तो मधोमध बसला, तेव्हाही त्या खड्ड्याकडे बघून ती तेच म्हणाली. त्या केकमध्ये फाइन असं काही नव्हतं, हे मला माहीत होतं आणि तिलाही.

शारजात, अल नहदाला, आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये ती राहायची. मधे फक्त एक पॅसेज. ती चौथीत असताना आम्ही तिथे राहायला आलो आणि दुसऱ्याच दिवशी ती आमच्या घरात शिरून, फ्रीज उघडून, थंड पाणी पिऊन गेली. कोण, कुठली, काही सांगणं नाही. मी पदराला हात पुसत बघत राहिले.

अशी मुलं तुम्हीही पाहिली असतील. इथल्या मराठी घरांत एक तरी असतंच. आईबाबा मराठीत रागावतात, मुलं इंग्रजीत समजूत घालतात. गणपतीत अथर्वशीर्ष घडाघडा म्हणतील आणि "जा, खालून कोथिंबीर आण" म्हटलं की "व्हाय मी?" भारत म्हणजे जुलैत रिकाम्या बॅगा घेऊन जायचं आणि भरून आणायच्या, अशी एक जागा. तू कुठली, असं लहानपणी कुणी विचारलं की ती आमच्या बिल्डिंगचं नाव सांगायची.

ही मुलगी पुढच्या शिक्षणाला युरोपात निघाली तेव्हा मी थट्टा केली होती. कारण ती शिकायला निघाली होती नद्या. नदी कशी वाहते, गाळ कुठे टाकते, पूर कुठे येतो, असलं सगळं. मी म्हटलं, "अगं, जन्मात एक नदी पाहिली नाहीस तू. इथे पाऊस पडला तर शाळा बंद ठेवतात."

"एग्झॅक्टली, काकू," ती म्हणाली.

ऑस्ट्रियातलं ग्राट्स नावाचं शहर. मी बर दुबईत, मीना बाजारातल्या एका कापडाच्या पेढीवर हिशेब बघते, म्हणून कोट घेऊन देण्याची जबाबदारी माझ्यावर आली. ऑगस्टचा महिना, बाहेर डांबर वितळतंय, आणि आम्ही तिघी, म्हणजे ती, तिची आई आणि मी, गुडघ्यापर्यंतचे लोकरी कोट घालून बघतोय. दुकानदार म्हणाला, "मॅडम, पूरी फॅमिली बर्फ में जा रही है क्या?" तिची आई घामाघूम झाली होती, पण कोट उतरवायला तयार नव्हती. थंडी कशी असेल याचा अंदाज घेत होती म्हणे. मुलीने पहिलाच कोट घेतला. घट्ट होतो का, विचारलं तर काय उत्तर मिळालं ते तुम्हाला ठाऊक आहे.

पहिल्याच रविवारी ती उपाशी राहिली. तिकडे रविवारी दुकानं बंद असतात. आमच्याकडे पहाटे फोन केला तरी खालचा ग्रोसरीवाला अंडी वर पाठवतो, त्यामुळे दुकान बंद असतं ही कल्पनाच तिला नव्हती. मग तिने कुकर काढला. तिच्या आईने गोडा मसाल्याबरोबर तोही दिला होता. दुसऱ्या शिट्टीला खालच्या मजल्यावरच्या आजीबाई दारात हजर. त्यांना वाटलं, काहीतरी फुटणार आहे. तेव्हापासून ती खिचडी पातेल्यात करू लागली. आई फोनवर विचारायची, "शिजते का गं नीट?" आईने तिकडच्या युरोचे दिरहम आणि दिरहमांचे रुपये करून गॅसचा खर्च काढेपर्यंत ती जेवून मोकळी झालेली असे.

मला तिने एकदा तिथल्या डोंगरावरच्या घड्याळाच्या मनोऱ्याचा फोटो पाठवला. त्या घड्याळाचा मोठा काटा तास दाखवतो आणि छोटा मिनिटं. मी लिहिलं, "म्हणूनच तुझे फोन उशिरा येतात." त्यावर तिने एक हसरा चेहरा पाठवला. एवढंच.

तिकडे तिला झोप लागत नव्हती, हे तिने आईला सांगितलं नव्हतं, मला सांगितलं. थंडीमुळे नाही, आठवणीमुळे नाही. एसीचा आवाज नाही म्हणून. जन्मल्यापासून कानाशी ती घरघर, आणि तिकडे खोलीत इतकी शांतता की स्वतःचा श्वास ऐकू येतो म्हणाली. आमच्या बिल्डिंगमधले एसी म्हणजे काय प्रकार आहेत हे मी सांगायला नको. त्यांचा आवाज कुणाला हवासा वाटेल, हे माझ्या स्वप्नातही आलं नसतं.

आणखी एक गोष्ट तिने सांगितली, तीही हसत. कॉलेजात पहिल्या आठवड्यात भिंतीवर जगाचा नकाशा लावला होता. प्रत्येकाने आपल्या घराच्या जागी टाचणी टोचायची. हिने शारजावर टोचली. दुसऱ्या दिवशी टाचणी मुंबईजवळ गेलेली. तिथल्या एका बाईंनी पासपोर्टची यादी बघून प्रेमाने चूक सुधारली होती.

"मग तू परत हलवलीस की नाही?" मी विचारलं.

"इट्स फाइन, काकू. शी वॉज बीइंग नाइस."

मला तिचा राग यायचा तो अशा वेळी. टाचणी उपटून परत लावायला काय झालं होतं?

आता तिच्या बाबांबद्दल सांगायला हवं, कारण ती घरी यायची ती त्यांच्या नियमाने. ते हमरिया फ्री झोनमध्ये पाइप बनवणाऱ्या एका कारखान्यात उत्पादनाचं वेळापत्रक आखायचे. घरातही तेच. इथे राहणाऱ्या सगळ्यांना माहीत असतं की सहा महिन्यांहून जास्त देशाबाहेर राहिलं की रेसिडेन्स व्हिसा संपतो. शिकायला गेलेली मुलं त्यामुळे मधेच येऊन जातात, व्हिसा जिवंत ठेवायला. बाबा याला 'सहामाही हजेरी' म्हणायचे. शिकणाऱ्या मुलांना सूट असते असं आमच्या ह्यांनी एकदा त्यांना सांगून पाहिलं. ते म्हणाले, "असेल हो. पण ती सूट एअरपोर्टवरच्या कॉम्प्युटरला माहीत आहे का, ते कोण सांगणार? उशीर झाला की खलास."

म्हणून ती यायची. तुमची-आमची मुलं आईच्या हातचं खायला घरी येतात, ही यायची सरकारी कॉम्प्युटरला तोंड दाखवायला. सुट्टी असो नसो, पेपर तोंडावर असो, चार दिवस येऊन जायची. येताना एकदा तिकडचं भोपळ्याच्या बियांचं तेल घेऊन आली. काळंहिरवं, दाट. बाबांनी बाटली उजेडात धरली आणि म्हणाले, "हे आम्ही मशीनमध्ये घालतो." आईने ते भीतभीत लसणाच्या चटणीवर घातलं आणि मग महिनाभर पुरवून पुरवून खाल्लं.

पण त्या चार दिवसांत ती करायची काय? झोपायची. आली की एसी लावून जी आडवी व्हायची ती जेवायलाच उठायची. संध्याकाळी खालच्या कॅफेटेरियातला करक, म्हणजे इथला कडक दुधाळ चहा घेऊन आमच्याकडे यायची आणि सोफ्यावर पाय घेऊन बसायची. काय शिकलीस, मैत्रिणी कोण, तिकडे आवडतं का, मी खोदून खोदून विचारायची. ती चहाचा कागदी कप दोन्ही हातांत धरून ऐकून घ्यायची. दुःखी म्हणावी तर नाही, आनंदी तर नाहीच. चार दिवसांनी बॅग ओढत परत. तिची आई पॅसेजमध्ये उभी राहून म्हणायची, "पोरगी येते की नुसती सावली येते, कळत नाही मला."

मलाही कळत नव्हतं. आता वाटतं, ती फक्त इथेच झोपत होती.

तिचं शेवटचं सत्र चालू होतं तेव्हा हमरियातला तो कारखाना बंद करायचं ठरलं. बाबांचं वयही निवृत्तीला आलेलं. नवीन नोकरी कोण देणार? वाकडला त्यांनी कधीचा एक फ्लॅट घेऊन ठेवला होता, त्यात ते एक रात्रही राहिले नव्हते. तिकडे जायचं ठरलं. इथे सगळं असंच ठरतं. ज्याच्या नोकरीवर व्हिसा, त्याची नोकरी गेली की बायकोमुलांचे व्हिसेही जातात, आणि मग लोक टीव्ही, फ्रीज, सोफा यांचे फोटो काढून बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकायला लागतात. आम्ही असे किती तरी सोफे जाताना पाहिले आहेत. माझ्या घरातला सोफाही तसाच कुणाचा तरी आहे.

मुलीला फोनवर सांगितलं तेव्हा मी तिथेच होते. फोन स्पीकरवर होता. तिकडे एक दार लोटल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "ओके. बट बाबा, डोन्ट कॅन्सल माइन बिफोर आय कम. आय वाँट टु कम होम वन्स."

तिच्या आईने माझ्याकडे पाहिलं. त्या मुलीने आयुष्यात काही मागितलेलं आम्ही दोघी पहिल्यांदाच ऐकत होतो. मी नंतर आठवून पाहिलं. सायकलसुद्धा तिने मागितली नव्हती, बाबांनी आपणहून आणली होती.

बाबांनी वेळापत्रक आखलं. तिची शेवटची तोंडी परीक्षा गुरुवारी. त्याच संध्याकाळी विमान. तीन दिवस घरी, मग सगळ्यांचे व्हिसे एकदम रद्द करायचे आणि तिघांनी एकदम निघायचं. अडचण एकच होती. आधी बायकोमुलांचे व्हिसे रद्द, मग नोकरदाराचा, असा इथला क्रम. आणि कंपनीला आपलं दुकान लवकर आवरायचं होतं. मंदूब, म्हणजे कंपनीची सरकारदरबारची कामं करणारा माणूस, रोज फोन करायचा. "साब, फॅमिली का पहले कॅन्सल, फिर आपका. आपके लिए पूरा फाइल रुका है."

"बेटी आ रही है. थोडा रुक जाओ, हबीबी."

"इन्शाल्ला, साब."

हमरियात इतकी वर्षं काढलेल्या माणसाला इन्शाल्लाचे सगळे प्रकार कळतात. हा नाही म्हणण्याचा प्रकार होता. तरी बाबांनी त्याला त्यापुढच्या सोमवारपर्यंत थोपवलं. कधी नव्हे ते दोनदा खोटं बोलले, एकदा पासपोर्ट सापडत नाही म्हणून आणि एकदा स्वतःला ताप आहे म्हणून. वेळेच्या बाबतीत खोटं बोलण्याची सवय नसल्यामुळे ताप आला कधी आणि उतरला कधी याचा त्यांना मेळ घालता येईना. मी आणि तिची आई स्वयंपाकघरात तोंडावर हात ठेवून हसलो. त्या महिन्यातलं आमचं तेवढंच हसू.

बुधवारी ग्राट्सहून फोन आला. प्राध्यापकांची पाठ धरली होती, ते अंथरुणावर होते. परीक्षा दोन आठवडे पुढे. तिकडचा तिचा परवाना संपत आला होता; मुदत वाढवून तिथेच राहिली तर परीक्षा देता येणार होती, पण एकदा बाहेर पडली की परत आत जाता येणार नव्हतं.

ती म्हणाली, परीक्षा सोडते. पुढच्या सत्रात देईन. आय विल कम टुमॉरो ओन्ली.

बाबांनी फोन उजव्या हातातून डाव्या हातात घेतला. "परीक्षा द्यायची," ते म्हणाले. "इतकं शिकलीस ते काय शेवटच्या दिवशी सोडायला? व्हिसाचं काय एवढं? परत मिळतो व्हिसा."

मिळत नाही, हे त्या खोलीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं, आणि तिकडे फोनच्या दुसऱ्या टोकालाही.

"इट्स फाइन, बाबा," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी टायपिंग सेंटरला मीच त्यांना घेऊन गेले. त्यांची गाडी विकली गेली होती. सरकारी अर्ज भरून देणारी ही दुकानं तुम्हाला माहीत असतील, काचेचं दार, आत रांगेत कॉम्प्युटर आणि पुढे प्लॅस्टिकच्या खुर्च्या. काउंटरवरच्या फिलिपिनो मुलीने नाव, नंबर विचारला आणि मग म्हणाली, "डॉटर इनसाइड कंट्री ऑर आउटसाइड, सर?"

जो माणूस स्वतःच्या कारखान्यातल्या कुठल्याही पाइपचा ठावठिकाणा झोपेत सांगेल, तो त्या मुलीकडे नुसता बघत बसला. मी म्हटलं, "आउटसाइड."

बाहेर येऊन गाडीत बसेपर्यंत त्यांच्या मोबाइलवर मेसेज आला. रद्द झाला. त्यांनी तो वाचला, चष्मा काढला, परत घातला. "बघा वहिनी," ते म्हणाले, "कॉम्प्युटरला लगेच कळतं." मी गाडी सुरू केली. मला काहीच वाटत नव्हतं. अल नहदाच्या सिग्नलला मागच्याने हॉर्न मारला तेव्हा कळलं की हिरवा होऊन गेलाय.

घर आवरताना तिची खोली माझ्या वाट्याला आली. व्हिडिओ कॉलवर मी एकेक वस्तू दाखवायची आणि ती म्हणायची, थ्रो, काकू. शाळेचा ब्लेझर? थ्रो. बॅडमिंटनची ढाल? थ्रो. मी चिडून म्हटलं, "अगं, काहीतरी ठेव!" ती तिकडे लायब्ररीच्या जिन्यात बसली होती, मीना बाजारातला कोट घालून. म्हणाली, मला घर दाखवा. सगळं. मधे थांबू नका.

मी फोन समोर धरून चालले. हॉल, जिथे सोफ्याच्या जागी फरशीचा वेगळाच रंग दिसत होता. स्वयंपाकघर, तिची आई ओट्याकडे तोंड करून उभी. बाल्कनी, खालचं पार्किंग. मग परत तिची खोली. तिने पडद्याजवळ तोंड आणलं. मग विचारलं, "काकू, कॅन यू स्विच ऑन द एसी?"

"कशाला गं? कोणी नाहीये इथे."

"जस्ट लाइक दॅट."

मी लावला. आधी खडखड, मग ती घरघर. फोन एसीखाली धरून मी उभी राहिले. हात भरून आला तरी खाली घेतला नाही. तिने डोळे मिटले होते. मी रडले, हे सांगायला मला लाज वाटत नाही. ती रडली नाही.

परीक्षा तिने उत्तम दिली. तिथून ती सरळ पुण्याला गेली. तिच्या आईचा फोन यायचा. म्हणायची, वाकडला रोज सकाळी उठून अंथरुणाची घडी घालून ठेवते, कपडे बॅगेतून काढते आणि बॅगेतच ठेवते. कपाट दिलंय तिला, पण उघडलंच नाही. मग तिला ग्राट्सलाच नोकरी लागली, नदीकाठच्या पुराचा अंदाज काढणाऱ्या कचेरीत. ती परत गेली. समोरच्या फ्लॅटमध्ये एक इजिप्शियन कुटुंब आलं. चांगली माणसं आहेत. त्यांच्या बाळाचं सामान पॅसेजमध्ये असतं आणि बाळ मला बघून हसतं.

मागच्या हिवाळ्यात तिचा मेसेज आला. पुण्याला जाताना दोन दिवस थांबू का तुमच्याकडे? व्हिजिट व्हिसा काढलाय. पत्ता तुमचा दिलाय.

विचारायचं काय त्यात, मी लिहिलं. एअरपोर्टवर येते. नको म्हणाली, टॅक्सीने येईन. मी पातेल्यात नाही, कुकरमध्ये खिचडी लावली, मुद्दाम चार शिट्ट्या काढल्या. लिफ्टचा आवाज आला, पण बेल वाजेना, म्हणून जाऊन दार उघडलं.

तिची पाठ माझ्याकडे होती. ती त्यांच्या जुन्या दारासमोर उभी होती. बॅग भिंतीला टेकवलेली. बूट काढून त्या कुटुंबाच्या चपलांशेजारी नीट जोडून ठेवले होते, आणि हात दाराच्या कडीवर. बेलवर नाही, कडीवर. ती तिथे राहायची तेव्हा दिवसा ते दार कधी लॉक नसायचं.

मी हाक मारणार होते, पण मारली नाही.

आतून बाळ रडल्याचा आवाज आला. तिने हात खाली घेतला. मग वाकली, बूट उचलले आणि मोज्यांनी पॅसेज ओलांडून माझ्याकडे आली.

"ये गं," मी म्हटलं आणि दार पूर्ण उघडलं.

ती उंबऱ्याबाहेर थांबली. दोन्ही बूट एका हातात धरून तिने आत पाहिलं, मग माझ्याकडे, आणि एखाद्या पाहुण्याने विचारावं तसं विचारलं, "काकू, व्हेअर डू आय कीप दीज?"